औषध म्हणू नका

प्रयोगशाळेत कुणाच्या तोंडून 'औषध' हा शब्द निसटला की मोरे सर हातातलं काम थांबवायचे. "औषध नाही, अर्क म्हणा. औषध व्हायला लई वेळ आहे त्याला." विद्यार्थी त्यांची पाठ वळली की नक्कल करायचे. त्यांच्याच विभागात शिकवणारी मीही करायचे.

तुळजापूरजवळच्या आमच्या फार्मसी कॉलेजात सरांचा ध्यास एकच. बांधावर उगवणाऱ्या भुईआवळ्याचा अर्क चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरून यकृताच्या कॅन्सरपर्यंत पोचवायचा. नुसता अर्क वाटेतच वाया जातो. "बैलाला कडू पाला पिठाच्या गोळ्यात घालून चारतात की नाही? तसंच आहे हे," असं ते समजावत. पुढं उंदरांच्या यकृतातल्या गाठी खरोखरच लहान झाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर सर म्हणाले, "उंदीर बरा झालाय. माणूस अजून व्हायचाय."

ही बातमी माकणीकडच्या त्यांच्या गावी पोचली. थोरले बंधू आण्णा शेतात राबले म्हणून सर शिकले होते. त्या आण्णांनी वेशीवर भलामोठा फ्लेक्स लावला: 'कॅन्सरवर रामबाण औषध शोधल्याबद्दल मोरे सरांचे हार्दिक अभिनंदन!' सत्काराला मीही गेले होते. मी हळूच म्हटलं, "सर, ते 'औषध' काढायला सांगा की."

"राहू द्या, मॅडम. आण्णा हौशी आहेत." शाल खांद्यावर होती आणि चेहरा फुलला होता. आमचे कान उपटणारा माणूस भावापुढं मूग गिळून बसला. मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

पुढं आण्णांच्याच यकृतात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ लहान आहे, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल. आण्णांनी डॉक्टरांना हसून नमस्कार केला आणि थेट आमच्या कॉलेजात आले. "घरात औषध असताना पोट कशाला फाडून घ्यायचं? काढ तुझी बाटली."

"आण्णा, तो अर्क आहे. उंदरावर चाललाय फक्त. माणसाला देता येत नाही. तुम्ही ऑपरेशन करून घ्या, मी पाया पडतो तुमच्या." सर खरोखरच वाकले.

आण्णांचं हसू मावळलं. "म्या काय उंदरापरीस गेलो व्हय रं? उंदराला देतूस आन् सख्ख्या भावाला न्हाय?"

ते चहासुद्धा न घेता परत गेले. रुसून बांधावरचा भुईआवळा उपटून वाटून पिऊ लागले. सर दर रविवारी जायचे, विनवायचे, आणि आण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा त्यांनी ऑपरेशनला मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. गावात बोललं गेलं, प्रोफेसरनं भावाला औषध दिलं नाही.

आण्णांच्या तेराव्याला मी गेले होते. पंगत उठली तेव्हा शेजारच्या गावची एक म्हातारी सरांपुढं येऊन बसली. "लेकराच्या लिवरला गाठ हाय, बाबा. त्येवढं औषध द्या."

"ते औषध नाही, आजी. त्याला आजच सोलापूरला न्या. ऑपरेशनला नाही म्हणू नका."

म्हातारीनं गोठ्याकडं बोट दाखवलं. वेशीवरून उतरवलेला फ्लेक्स तिथं कडब्याच्या गंजीवर झाकायला टाकला होता. फोटोतले सर त्यावर हसत होते. "आमच्या नातवानं वाचून दावलं. मग त्ये काय लिवलंय?"

सर उठले आणि त्यांनी फ्लेक्स खसकन ओढून काढला. वहिनी धावत आल्या. "ऱ्हाऊ द्या, भाऊजी. त्येंनी लई हौसेनं केला हुता."

सरांनी तो पुन्हा गंजीवर पसरला, कोपऱ्यांवर एकेक दगड ठेवला. छापील बाजू खाली करून.