पारखीने निवडलेला टीव्ही

आमच्या वसतिगृहात कुणाला काहीही विकत घ्यायचं असलं की तो आधी बारा नंबरच्या खोलीत यायचा, कारण तिथे पारखी राहायचा. दुर्दैवाने त्याच खोलीत मी आणि लंबूही राहायचो. त्यामुळे आम्हाला सल्ला मागायला कुठे जावं लागत नसे. तो जागेवर मिळायचा, आणि न मागता.

पारखी हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, ते त्याने कमावलं होतं. वसतिगृहात त्याचं सातवं वर्ष चालू होतं. दोन पाइपांच्या जोडातून पाणी का गळतं, यावर तो प्रबंध लिहीत होता आणि पहिलं प्रकरण अजून ठिबकतच होतं. अंगाचा साबण निवडायला त्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत त्याने माझा वापरला. थंडी पडली तेव्हा तो स्वेटर शोधायला निघाला, आणि पंखे सुरू झाले तेव्हा रिकाम्या हाताने, पण मोठ्या समाधानाने थांबला. समाधान कसलं, तर कुणी आपल्याला फसवू शकलं नाही याचं.

याला एक कारण होतं. त्याच्या लहानपणी वडिलांनी दुकानदाराच्या शब्दावर भरवसा ठेवून फ्रिज आणला. तो आठ दिवस चालला. दुकानदाराने हात वर केले आणि आईने फ्रिजमध्ये चादरी ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यांसमोर चादर काढायची वेळ आली की आई कशी ओशाळायची, हे पारखी कधीतरी सांगायचा. तेवढ्यापुरती तरी त्याची थट्टा करवत नसे.

मोठा झाल्यावर त्याने यावर एक पद्धत शोधून काढली. दुकानदाराला त्याच्या मालाबद्दल विचारायचंच नाही, कारण तो खोटं बोलणार. त्याला शेजारच्या दुकानातल्या मालाबद्दल विचारायचं. तिथे तो अगदी पोटतिडकीने खरं सांगतो. ऐकायला पद्धत बिनतोड होती. आम्हीसुद्धा तिच्यापुढे माना डोलावल्या होत्या.

आता टीव्हीचं. लंबूची धाकटी बहीण हँडबॉल खेळायची, गोलरक्षक म्हणून. त्या वर्षी तिची मोठ्या संघात निवड झाली आणि संघाचा सामना टीव्हीवर दाखवणार असं ठरलं. रविवारी सकाळी अकरा वाजता. खिशातल्या फोनवर सगळं जग दिसायला लागण्याच्या आधीचे ते दिवस. वसतिगृहाचा टीव्ही खाली दिवाणखान्यात एका लाकडी कपाटात कोंडलेला असे. त्याची किल्ली रेक्टरांच्या कमरेला, आणि ती फिरायची फक्त संध्याकाळच्या बातम्यांपुरती. रविवारी रेक्टर मुलीकडे जायचे, किल्लीसकट. खोलीत स्वतःचा टीव्ही ठेवायला मात्र परवानगी होती. आवाज भिंतीपलीकडे जाता कामा नये, एवढीच अट.

बहिणीला फोनवर लंबू म्हणाला, "तू फक्त खेळ. मी माझ्या खोलीत, माझ्या टीव्हीवर बघतो." तेव्हा टीव्ही नव्हता, पण तीन आठवडे हातात होते. आम्ही तिघांनी पैसे काढले. लंबूने त्यासाठी सायकल विकली. आणि निवडीचं काम आम्ही पारखीकडे सोपवलं. त्यानेच सोपवून घेतलं असं म्हणणं जास्त खरं.

पहिला आठवडा खोलीची मापं घेण्यात गेला. पलंगापासून टेबल किती लांब, टेबलापासून डोळे किती उंच, लंबू उशीला टेकला तर किती आणि ताठ बसला तर किती. लंबूला त्याने इतक्या वेळा आडवं केलं आणि उठवलं की बिचाऱ्याची पाठ धरली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही बाजारात उतरलो. तिथे टीव्हीची तीन दुकानं ओळीने होती. पहिल्यात एक चष्मेवाले काका, दुसऱ्यात विणकाम करत बसणाऱ्या मावशी, तिसऱ्यात जुने टीव्ही दुरुस्त करून विकणारा मेकॅनिक.

पारखी काकांना म्हणाला, "काका, मावशींच्या दुकानातला तो चौदा इंची कसा आहे हो?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "चांगला आहे की. वर्षभरात माणसं पिवळी दिसायला लागतात, एवढंच."

मावशींनी सुई न थांबवता सांगितलं, "काकांचा घ्या ना. आवाज डब्यात माशी अडकल्यासारखा येतो, पण तुम्ही तरुण मुलं, तुमचे कान चांगले असतील."

मेकॅनिकबद्दल दोघांचंही एकमत होतं: बाहेरून टीव्ही, आत भंगार. आणि मेकॅनिक म्हणाला, "नवीन तर घेऊच नका. त्या दोघांचे टीव्ही शेवटी माझ्याकडेच येतात."

पारखीच्या वहीत हे सगळं उतरलं. तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी रात्री त्याने वही मिटली आणि निकाल दिला, की गावात घेण्यालायक एकही टीव्ही नाही. असा चेहरा मी फक्त गणित सुटल्यावर माणसांचा बघितलाय. पद्धत सपशेल यशस्वी झाली होती. तिच्यातून टीव्ही तेवढा निघत नव्हता.

"अरे, कुठलाही घे," लंबू म्हणाला. "पिवळी तर पिवळी. माझी बहीण मला पिवळी असली तरी ओळखू येईल."

"आज पिवळी चालेल म्हणतोस. उद्या हिरवी दिसेल, मग माझ्याच नावाने बोटं मोडशील."

शनिवारी दुपारी मात्र लंबूचा धीर सुटला. त्याने पारखीचं मनगट धरलं आणि त्याला सरळ मावशींच्या दुकानात नेलं. मी मागे होतोच. मावशींनी विणकाम बाजूला ठेवलं, चौदा इंची खोक्यात घातला, खोक्याला सुतळी बांधली, उचलायला एक फासही करून दिला. पारखीने खिशातून तिघांच्या पैशांचं पाकीट काढलं. तेवढ्यात दुकानात एक गृहस्थ आले, हातात रिमोट घेऊन. पारखीच्या मनात पाल चुकचुकली.

"तुमचा याच कंपनीचा का हो?" त्याने विचारलं.

"हो."

"काही त्रास?"

गृहस्थ म्हणाले, "त्रास असा नाही. बटण दाबलं की कधी लागतो, कधी नाही."

आता त्यांच्या रिमोटमधला सेल संपला होता. मावशींनी आमच्या डोळ्यांदेखत तो बदलला, बटण चालू झालं, गृहस्थ खूश होऊन गेले. पण पारखीचं पाकीट तोवर खिशात परत गेलं होतं. "सोमवारी बघू," तो म्हणाला. लंबू खोक्याच्या फासात बोटं अडकवून उभा होता, ती त्याने एकेक करून सोडवली. मावशींनी दोघांकडे बघितलं आणि सुतळी सोडायला घेतली. मलाही पारखीला चार शब्द सुनावता आले असते, दोन-चार शिव्यासुद्धा तयार होत्या. मी दारात उभा राहून हसत होतो. मला ती गंमत वाटत होती, आणि याची मला अजून लाज वाटते.

रविवारी बाजार बंद. साडेदहापासून लंबू पायी गावभर फिरला. खानावळीत टीव्ही होता, पण मालकाचा सिनेमा चालू होता आणि तो संपल्याशिवाय चॅनेल बदलणार नाही असं मालकाने सांगितलं. ओळखीच्या शिक्षकांच्या घराला कुलूप. सव्वा बाराला तो घामाघूम होऊन परत आला आणि पलंगावर बसला, बरोबर पारखीने आखून दिलेल्या जागी. पारखी म्हणाला, "पुनःप्रक्षेपण असतं कधीकधी."

संध्याकाळी खालच्या फोनवर बहिणीचा फोन आला. पहारेकऱ्याने हाक मारली. लंबू गेला, मागोमाग मी आणि पारखीही गेलो. का गेलो ते माहीत नाही; खोलीत बसवत नव्हतं. रिसीव्हरमधून तिचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"दादा, बघितलंस?"

"बघितलं की. अगदी समोर बसून." लंबूने भिंतीकडे तोंड केलं. "काय एकेक गोल अडवलेस गं तू. आम्ही तिघंही बघतच राहिलो."

मग ती हळू म्हणाली, "दादा, मला आज उतरवलंच नाही. मी सगळा वेळ बाकावर होते."

लंबूने कपाळ भिंतीला टेकवलं. तीच पुढे बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कॅमेरा दोनदा बाकावर आला होता. दोन्ही वेळा मी तुला हात केला. म्हटलं, खेळताना नाही तर नाही, दादाला निदान एवढं तरी दिसेल."

लंबूने फोन ठेवला आणि आमच्या मधून वाट काढून वर गेला. पारखीचा हात फोनपाशीच राहिला होता. त्याला बहुतेक परत फोन लावून तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तिचा नंबर आम्हा दोघांपैकी कुणाकडेच नव्हता. त्या दिवशी मला पारखीचा राग आला, आणि कीवही आली.

सोमवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी तो बाजारात जाऊन उभा राहिला. मावशींनी शटर वर केलं तेव्हा त्याने चौदा इंची खोक्याकडे बोट दाखवलं आणि कुणाला काहीही न विचारता तो घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दहा मिनिटांत काहीतरी विकत घेतलं होतं. टीव्ही उत्तम निघाला. माणसं पिवळी दिसली नाहीत, आवाज स्वच्छ होता, आणि आम्ही तिघं खोली सोडून गेल्यावरही तो तिथे पाच-सहा वर्षं चालला. लंबूची बहीण मात्र पुन्हा कधी टीव्हीवर आली नाही. पुढच्या निवडीत तिचं नाव नव्हतं.