पाठीवरची शिवण

देऊळघाटात कापडाचं काहीही अडलं की लोक सुचिताकडे येतात. लग्नाचा शालू असो, शाळेचं दप्तर असो, नाहीतर जाडजूड गोधडी, बाई नाही म्हणत नाही. मशीन साधंच, पायानं चालवायचं, माहेरहून आलेलं. पण त्या मशीनचा तिला एवढा गर्व, की "हे तुमच्यानं होईल का?" असं कुणी नुसतं विचारलं तरी तिचं नाक लाल होतं. हा गर्वच त्या दिवशी तिच्या मुळावर येणार होता.

सकाळी चहा पिता पिता तिचा नवरा शालिग्राम म्हणाला, "महादेवरावचा फोन आलता. उद्यापासून कपाशीवर फवारनी हाय."

सुचितानं कप ठेवला नाही, आपटला. मागच्या वर्षी महादेवरावांच्याच शेतात पाठीवरच्या पंपाचं झाकण झिरपलं होतं. औषध दिवसभर शर्टातून पाठीत मुरत राहिलं आणि संध्याकाळी शालिग्राम बांधावर आडवा झाला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सहा दिवस दवाखाना. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा अंगात भिनलं तर इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही."

"दुसरं काम धरा म्हन्लं होतं ना मी?"

"या दिवसांत दुसरं काम कोन देते वं? अन् सरकारी वाटपातला ॲप्रन हाय ना."

हो, होता ना! पुढून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारा आणि मागे दोन नाड्या. आता पंप काय माणसं पोटावर बांधतात? ज्यानं तो ॲप्रन बेतला, त्यानं जन्मात पंप उचलला नसणार.

सुचिता उठली आणि ट्रंकेच्या तळातून मरून रंगाचं रबरी कापड काढलं. दवाखान्यात शालिग्रामच्या अंगाखाली अंथरायला आणलेलं, दीड हात रुंद, चार हात लांब. तेवढंच एक.

"पाठ मी झाकते तुमची," ती म्हणाली. "काय झिरपायचं ते झिरपू द्या."

नवऱ्याची पाठ आणि दोन्ही बगला मिळून दीड हातात मावेनात, तेव्हा तिनं कापडाचे दोन तुकडे केले आणि ते मधोमध जोडायचे ठरवले. आयुष्यभर कुर्ते असेच बेतलेले, हाताला तेच वळण. पण रबराची जात वेगळी. सुती कापडावर चुकलेली शिवण उसवून पाण्याचा हात फिरवला की भोकं मिटतात. रबराला पडलेलं भोक जन्माचं. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत. तिनं दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणून कडा धरल्या, टाका मोठा केला, अठरा नंबरची जाड सुई चढवली आणि पायडल मारलं.

कापड हलेचना. मशीनचा लोखंडी पाय रबराला चिकटून बसला आणि सुई एकाच जागी टोचत राहिली. मग तिनं वरून-खालून पेपरच्या पट्ट्या घातल्या. कापड सरकू लागलं, पण आता सुई अडायला लागली. तेव्हा तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं, गोधडी शिवणारी गावातली कुठलीही बाई करते. सुई काढली, डोक्यावरच्या केसांतून दोनदा फिरवली आणि परत बसवली. सुई अशी सुरसुर चालली की तिचं तिलाच कौतुक वाटलं. अडली की केसांतून, अडली की केसांतून. शिवण संपली, वरून पंक्चरचं सोल्यूशन लावून वाळवलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

मग परीक्षा. खाटेवर पांढरं धोतर, त्यावर रबर, आणि रबराच्या खोळीत तांब्याभर निळीचं पाणी. सासूबाई तानाबाई वेळ मोजायला जपमाळ घेऊन शेजारी बसल्या. माळ एकदा फिरली तशी सुचितानं कापड उचललं. धोतरावर वरपासून खालपर्यंत निळ्या ठिपक्यांची रांग उमटली होती, बरोबर पंप टेकतो तिथं.

आपण नवऱ्याला वाचवायला निघालो आणि त्याच्या मणक्यावर विषाची वाट आखून ठेवली, हेच तिच्या मनात घुमत राहिलं. कापड काखेत मारून ती स्टँडवरच्या रहेमतुल्लाभाईंकडे धावली. पंक्चर काढण्यात त्यांची हयात गेली होती.

रहेमतुल्लाभाईंनी शिवणीवर अंगठा घासला. सोल्यूशन पापुद्र्यासारखं निघून आलं. अंगठा नाकाशी नेऊन ते म्हणाले, "भाभी, याले खोबऱ्याचं तेल कुठून लागलं?"

सुचिताचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"अर्रर्र! तेलाचा हात लागला त ट्यूबवर पट्टी धरत नाही. आम्ही आधी घासतो ते त्याच्यासाठीच. अन् वजन पडते तिथं जोड काऊन देल्ला?"

"आता काय करू, भाई? एवढंच कापड हाय."

"हे भोकं आता बुजत नसतेत. तेवढी पट्टी कापून फेका. बाकी अक्कल तुमची, मी काही टेलर नोहो."

बाईचा गर्व तिथंच उतरला आणि डोकं चालायला लागलं. घरी येऊन तिनं भोकांच्या कडा कापून टाकल्या. एक तुकडा अख्खा पाठीवर ठेवला, दुसरा उभा चिरून दोन बाजूंना दिला. जोड आता बगलेत आला, कौलावर कौल चढवावं तशी वरची कड खालच्या कडेवर. डोक्याला पदर घट्ट गुंडाळला. हात आणि सुई साबणानं धुतली, पुसली. पायडलला पाय न लावता हातानं चाक फिरवत एकेक टाका घातला. एक चुकला असता तर पुन्हा कापायला कापड उरलं नव्हतं. खांद्यावर चार थर आले तिथं सुई वाकली, आणि सुचितानं श्वास धरून चाक उलटं फिरवून ती सोडवली. दिवेलागणीच्या आत सोल्यूशन वाळलं. धोतराचं कोरं टोक अंथरलं, निळीचं पाणी ओतलं. तानाबाईंनी या खेपेला माळ दोनदा फिरवली. धोतर पांढरंच राहिलं.

पण निळीचं पाणी वेगळं आणि पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस वेगळा. दुसऱ्या दिवशी शालिग्राम ते रबर घालून फवारणीला गेला आणि अख्खा दिवस सुचितानं मशीनला हात लावला नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची.

संध्याकाळी शालिग्राम आला. तिनं अंगणातच अडवलं, रबर सोडलं आणि किंचाळली. शर्ट पाठीला चिकटलेला, ओलाचिंब.

"अवं, उन्हात रबर घालून पाह्य एकदा—"

तिनं ऐकलंच नाही. शेजारीपाजारी, सासू, कुणाची लाज न धरता तिनं त्याच्या पाठीत नाक खुपसलं. खांद्यापासून कमरेपर्यंत हुंगत गेली, परत वर आली. औषधाचा तो उग्र वास तिच्या नाकात वर्षभर बसला होता, तो कुठंच नव्हता.

"काय हाय वं?" तानाबाईंनी विचारलं.

"घाम हाय," सुचिता म्हणाली. "नुसता घाम हाय." आणि त्या ओल्या पाठीला तोंड लावून ती हमसाहमशी रडायला लागली.