छाटलेली चाल

बाबा भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत ते आणि त्यांचे सोबती पुठ्ठ्यावर आखलेला बुद्धिबळाचा पट मांडायचे. सोंगट्या त्यांच्यातल्याच एका टर्नरने भंगारातल्या पितळेच्या लेथवर काढून दिलेल्या. अर्ध्या तासात डबाही संपवायचा आणि डावही. बाबांची एक खोड होती. वजीर फुकट दिल्यासारखा पुढे सारायचा आणि म्हणायचं, "घे, खा." खाणारा चार चालींत मरायचा.

कंपनी चाकणला हलली तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: रोज कंपनीच्या बसने चाकण, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती. ठरवलं मीच. त्यांचे गुडघे, पहाटेची बस, वाटेतल्या तळवड्याची वाहतूक, एवढं डोळ्यांपुढे आणलं आणि मिनिटभरात चाकणवर काट मारली. बाबांनी मुकाट सही केली. सोबती चाकणला गेले, पट सोंगट्यांसकट आमच्या चिखलीच्या फ्लॅटवर आला.

बाबा दिवसभर बाल्कनीत बसून राहू लागले. मला ते बघवेना. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून त्यांच्यासाठी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला. असा प्रोग्राम दर चालीला पुढच्या शक्यता तपासत जातो. आठ चाली खोल बघ म्हटलं तर उत्तर द्यायला पाच मिनिटं लावायचा. बाबा तेवढ्यात चहा पिऊन यायचे आणि वैतागायचे. मग मी छाटणी वाढवली. जी चाल पहिल्या नजरेत तोट्याची, तिच्या पुढचं बघायचंच नाही. आता तो बारा चाली खोल जायचा आणि दोन सेकंदांत उत्तर द्यायचा. बाबा ओळीने दहा डाव हरले. बाप हरतोय आणि पोरगी मनातून खूश, असली मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

अकराव्या डावात बाबांनी वजीर दिला. प्रोग्रामने तो खाल्ला आणि चार चालींत त्याच्यावर मात झाली. मी घाईघाईने नोंदी उघडल्या. वजीर जातोय म्हणजे बाबांची ती चाल वाईट, असं धरून त्याने ती आधीच छाटली होती, आणि वजीर पुढे आला तोवर उशीर झाला होता. हे मी बाबांना मोठ्या उत्साहाने समजावत बसले.

बाबांनी पडद्यावरच्या त्या छाटलेल्या चालीवर बोट ठेवलं.

"चाकणचंही तू असंच केलंस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "परवा टर्नरचा फोन आला होता. बसमध्ये खेळतात ते. जाताना एक डाव, येताना एक."

मला लाज वाटली. त्यांना एकदा विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

त्याच दिवशी मी छाटणी काढून टाकली. आणखी एक डाव खेळता का, म्हणून विचारलं. बाबांनी नको म्हटलं. पितळी सोंगट्या त्यांनी पूर्वी कंपनीत न्यायचे त्या जेवणाच्या डब्यात भरल्या आणि झाकण दाबून लावलं. डबा अजून ओट्याच्या कोपऱ्यात आहे. ओटा पुसताना मी तो उचलते, आत सोंगट्या वाजतात, आणि बाल्कनीतून बाबा मागे वळून बघत नाहीत.