पहिल्यावरून थेट चौथा

क्लचबाईंनी डूख धरलाय हे आम्हाला कळायला बरेच महिने लागले, कारण त्या रागावलेल्या नेहमीच दिसायच्या. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं एकच शब्द ओरडून ओरडून त्यांचा आवाज घोगरा झाला होता, आणि त्या शब्दावरूनच पोरांनी त्यांना हे नाव पाडलं होतं. उंचीला बेताच्या, सीटवर उशी घेऊन बसायच्या. ऑफिसात पाठमोऱ्या बसलेल्या असल्या तरी मैदानातल्या गाडीच्या नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "कोण आहे रे तो, पायाला आग लागल्यासारखा क्लच सोडतोय?" मी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि पुढं तिथंच नऊ वर्षं शिकवलं, म्हणून हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. आई गेली तेव्हा त्या अठराच्या होत्या आणि तो नऊ वर्षांचा. त्याला आंघोळ घालण्यापासून गाडी शिकवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. तो एका शोरूममध्ये नव्या गाड्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचं काम करायचा. एकवीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. "माझ्या हातची गाडी आणि कारखान्यातली गाडी, फरक दाखवा," असं तो म्हणायचा, आणि बाई तोंड फिरवून हसायच्या.

मग एका सकाळी त्याला एक स्पोर्ट्स कार पोचवायला दिली. सहा गिअरची, हातानं बदलायची. हे मॉडेल त्यानं आधी चालवलं नव्हतं. गोदामाच्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर वळताना थोडा चढ होता. उजवीकडून एक ट्रक येत होता, पण लांब होता. गाडी परक्याची, इंजिन कोरं, म्हणून धाकट्यानं आधी ते नीट तापू दिलं, मग हलक्या पायानं पहिल्यावर गाडी काढली आणि दुसऱ्यासाठी दांडा खाली ओढला. दांडा वाटेतच बाजूला सरकला आणि थेट चौथ्यात जाऊन बसला. गाडी थरथरली, आचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध बंद पडली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, पण धडक बसायची ती बसलीच. धाकट्याच्या गुडघ्याचा चुरा झाला.

शोरूमच्या सर्व्हिस मॅनेजरनं गाडी तपासून अहवाल लिहिला. बाईंना तो पाठ होता. 'वाहनात कोणताही दोष आढळला नाही. चालकाने चुकीचा गिअर टाकल्याने अपघात झाला.' त्या दोन ओळींवर धाकट्याची नोकरी गेली आणि त्याचा परवानाही एक वर्षासाठी निलंबित झाला. दवाखान्यातल्या खाटेवरून तो येईल त्याला सांगायचा, "मी दुसराच टाकला होता. दांडा माझ्या हातातून निघून गेला." लोक मान डोलवायचे आणि बाहेर जाऊन हसायचे. पुढं पुढं त्यानं सांगायचंच सोडलं. काठी टेकत चालायला लागला, पण गाडीत पुढच्या सीटवर बसायचा नाही.

बाईंचा मात्र त्याच्यावर विश्वास होता. म्हणायच्या, "हात मी घडवलाय त्याचा. झोपेतसुद्धा तो दुसऱ्याऐवजी चौथा टाकणार नाही." त्या मॅनेजरला भेटायला शोरूममध्ये गेल्या. दोन तास बसल्या. तो त्यांच्यासमोरून तीनदा गेला, फोनवर बोलत. तिसऱ्यांदा त्याचा पाय त्यांच्या पिशवीला लागला, तरी त्यानं खाली बघितलं नाही. शेवटी कुणीतरी येऊन सांगितलं, साहेब आज भेटणार नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता. त्या आवाजाची मला जरा भीतीच वाटली.

पाच महिन्यांनी एक मुलगी आमच्याकडे शिकायला आली. वीस-एकवीसची, हसतमुख. हाताच्या गिअरची गाडी शिकवणारे आसपास आम्हीच उरलो होतो. बाईंनी तिचा अर्ज वाचला, वडिलांचं नाव आणि काम लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये." वडील म्हणजे तोच मॅनेजर.

सहा आठवडे त्यांनी तिला शाळेच्या गाडीवर शिकवलं. मन लावून शिकवलं, त्यात खोट नव्हती. मग एक दिवस मुलगी म्हणाली, "मॅडम, बाबा म्हणतात आता त्यांच्या गाडीवर हात बसव. ही जमली की कुठलीही जमते." तो तिला सकाळी सोडायला येताना गाडी मैदानातच ठेवून जायला लागला. शोरूममधूनच नवी घेतलेली, तीन वर्षं तो स्वतः चालवत असलेली गाडी. मॉडेल तेच, धाकट्याला ज्यानं लोळवलं ते.

पहिल्याच दिवशी बाई शेजारी बसल्या. मुलीनं हलक्या पायानं पहिला सोडला आणि दुसरा टाकला. दांडा गुमान दुसऱ्यात गेला. पुन्हा टाकायला लावलं. दहा वेळा गेला. अकराव्यांदा बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही दुसऱ्यात सरळ जाते होय?"

"आता जाते," मुलगी म्हणाली. "आधी हळू चालवलं की पहिल्यावरून एकदम चौथ्यात ढकलायची. पेट्रोल वाचावं म्हणून कंपनीनं लॉक ठेवलंय म्हणे. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ते बंद करून टाकलं. म्हणाले, चौकात मरायचंय का आपल्याला?"

मुलगी गेल्यावर बाई गाडीच्या कप्प्यातलं माहितीपुस्तक काढून वाचत बसल्या. सगळं त्यात होतं. इंजिन तापलेलं असलं, वेग पंचवीस-तीसच्या आसपास असला आणि पाय हलका असला, की लॉक लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्याची वाट बंद होते. समोर दिवाही लागतो. पाय जोरात दाबला तर मात्र लॉक लागत नाही. म्हणजे गाडीला जपणारा माणूसच नेमका अडकायचा. धाकट्याला हे पान कुणी दाखवलं नव्हतं.

आमच्या शेडमागं गाडीखाली उतरायचा खड्डा होता. आम्ही दोघं खाली उतरलो. गिअरबॉक्सच्या कुशीत लॉकची तार सोडवून ठेवलेली होती आणि तिच्या टोकाला अंगठ्याएवढं एक बूच बसवलेलं, गाडीच्या संगणकाला लॉक जागेवरच आहे असं वाटावं म्हणून.

मी म्हटलं, "आरटीओच्या निरीक्षकांना जाऊन सांगू या."

"सांगून काय होतं? धाकट्यानंही सांगितलंच होतं. मला हे त्या मॅनेजरच्या तोंडून ऐकायचंय." मग हात पुसत त्या म्हणाल्या, "एकदा मनात आलं होतं, तार जोडावी आणि पोरीला त्याच वळणावरून घरी पाठवावी. मग बघू म्हणावं अहवाल कसा लिहितो."

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो.

"पोरगी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण आलं होतं मनात. खोटं कशाला सांगू?"

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी वाट पाहिली. मुलीशी इतक्या गोड बोलायच्या की बाकीची पोरं चक्रावली. गुरुवारी परवान्याच्या परीक्षा आमच्याच मैदानात व्हायच्या. निरीक्षक म्हणजे एक वाळलेला, कमी बोलणारा माणूस. धाकट्याचा परवाना त्यांच्याच सहीनं निलंबित झाला होता. मुलीची परीक्षा गुरुवारीच लागली आणि लेकीचं कौतुक बघायला मॅनेजर स्वतः आला. बाईंनी त्याला ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि हसून किल्ली मागितली. "गाडी उन्हात आहे, जरा सावलीत लावते."

त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली. मी दारात उभा राहिलो. सात मिनिटांत त्या वर आल्या, कोपराला काळं लागलेलं. बूच पदराच्या गाठीत होतं.

मुलगी शाळेच्या गाडीवर झकास पास झाली. सगळे आनंदात असताना बाई मॅनेजरला म्हणाल्या, "साहेब, आमच्या पोरांनी अशी गाडी जवळून बघितलेली नाही. एक फेरी मारून दाखवा ना. मैदानातल्या सरावाच्या चढावरचं वळण घ्या, पण अगदी सावकाश. नवशिक्यांना कळलं पाहिजे." निरीक्षकांनाही त्यांनी थांबवून घेतलं. व्हरांड्यातल्या बाकावर धाकटा काठी घेऊन बसला होता. त्याला ताईनं नुसतं "ये" म्हणून बोलावलं होतं. मॅनेजर त्याच्या समोरून गेला. त्यानं ओळखलं नाही.

तो ऐटीत बसला. एक मोठी फेरी मारून इंजिन तापवलं, मग चढाच्या तोंडाशी गाडी थांबवली. हलक्या पायानं पहिला. दांडा खाली ओढला. गाडी थरथरली, दोन आचके दिले आणि चढावर बंद पडून मागं सरकली. पोरं फिदीफिदी हसली.

"गिअर चुकला वाटतं," बाई म्हणाल्या.

त्यानं हसून हात केला आणि पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तो लालबुंद होऊन खाली उतरला. "मी दुसराच टाकतोय! लॉक लागलंय. कुणीतरी लॉक परत जोडलंय."

"कसलं लॉक, साहेब?" बाईंनी विचारलं.

रागाच्या भरात त्यानं निरीक्षकांनाच सगळं समजावून सांगितलं. दांडा कसा ढकलला जातो, हलक्या पायाला कसा दगा देतो, वळणावर किती धोक्याचं आहे, म्हणून आपण ते कसं काढून ठेवलं होतं. बाईंनी त्याला मधे एकदाही तोडलं नाही. त्याचं संपल्यावर पर्समधून घडी केलेला कागद काढून निरीक्षकांच्या हातात दिला.

"हा यांनीच लिहिलाय. मॉडेल हेच. ड्रायव्हर तो बाकावर बसलाय."

मॅनेजरनं तेव्हा पहिल्यांदा धाकट्याकडं नीट बघितलं.

"आता म्हणा," बाई म्हणाल्या. "चालकाने चुकीचा गिअर टाकला. म्हणा ना. तीनदा टाकलात तुम्ही, सगळ्यांनी बघितलं."

निरीक्षकांनी कागद वाचला. "हे लॉक तुम्हाला अपघाताच्या वेळी माहीत होतं?"

"म्हणजे, माहितीपुस्तकात दिलेलंच असतं ते."

"मग अहवालात का नाही?"

निरीक्षक त्याला ऑफिसात घेऊन गेले आणि जबाब लिहायला बसवलं. दारापाशी तो बाईंना हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे आपण आपसांत मिटवू."

"मिटवायलाच आले होते मी शोरूममध्ये. दोन तास बसले होते. माझ्या पिशवीला लाथ लागली तुमची, आठवतंय?" त्याला आठवत नव्हतं. बाईंनी स्वतःचं पेन त्याच्यापुढं केलं आणि सही होईपर्यंत त्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. आपल्या गाडीतलं लॉक आपण कोणत्या महिन्यात काढलं, तेही त्यांनी लिहून घेतलं. तो महिना अपघाताच्या आधीचा होता.

जाताना त्यानं बूच मागितलं. ते निरीक्षकांच्या फायलीत गेलं होतं. मग लॉक चुकवायला जोरात पाय दाबत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी गाडी गुरगुरवत तो बाहेर पडला. बाई फाटकाशी उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या.

धाकटा मात्र घुश्श्यात होता. "ताई, मला आधी सांगायचं तरी होतंस," तो म्हणाला. "मी दाढी केली असती."

मॅनेजरला शोरूमनं दुसऱ्या शाखेत सुट्या भागांच्या कोठारावर बसवलं. दोन महिन्यांत धाकट्याचा परवाना परत आला आणि शोरूमचं बोलावणंही आलं. तो गेला नाही. एकदा मैदानात स्टेअरिंगवर बसला, फाटकापर्यंत गेला आणि तिथंच इंजिन बंद करून उतरला. आता तो आमच्याच शाळेत रस्त्यावरच्या खुणा शिकवतो. पोरं त्याला मामा म्हणतात.

मी बाईंना विचारलं होतं, आता समाधान झालं का. त्या म्हणाल्या, "नाही. चौथ्यांदा पण बंद पडायला हवी होती." त्यांना पश्चात्ताप झालेला मी कधी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना लागली. आठवड्यानं मुलगी परवाना न्यायला आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला त्यासाठीच शिकवत होतात?"

बाईंनी हिशेब केल्यासारखा विचार केला. "पहिले सहा आठवडे नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचे तीन, हो."

मुलीनं पाकीट घेतलं. "बाबांनी चूक केली, ते मला कळतंय," ती म्हणाली. "पण माझ्याशी जे गोड बोललात, ते कशाला?" उत्तराला न थांबता ती निघून गेली. त्या दिवशी बाईंनी दुपारची शिकवणी मला घ्यायला लावली आणि खिडकीशी बसून राहिल्या. मैदानात एक पोरगा क्लच तोडत होता. त्या ओरडल्या नाहीत.