ह्या नावाचं हितं कोण न्हाई

कोल्हापूरच्या हायकोर्ट बेंचात सरकारी वकील उभे राहिले आणि विट्याची प्रियदर्शनी बाकावर पुढं सरकून बसली. शेजारी नवरा सिद्धू बसला होता, नाकात नळी आणि पायाशी ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. बावीस वर्षं त्यानं नेपाळात, बुटवलला, गलाईचं दुकान चालवलं. सोनं गाळता गाळता तेजाबाचा धूर छातीत भरून घेतला. तिथंच त्याला ही गवसली. लग्न करून त्यानं तिला विट्याला आणलं, आणि पुढं रीतसर वर्षं भरल्यावर हिनं भारताच्या नागरिकत्वासाठी अर्ज टाकला. त्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं! एवढ्यात दारच्या म्हशीची सहा वेतं झाली, पण ही फाइल काही जागची हलली नाही, म्हणून शेवटी कोर्टाची पायरी.

अर्ज होता भारतीय माणसाची बायको म्हणून. तिच्या वकीलबाई ज्ञानदा यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "निर्णयाआधी यांचं काही बरंवाईट झालं, तर ऑफिस नवा फाटा फोडेल. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं." डॉक्टर तर आता महिन्यांच्याच गोष्टी करत होते. आणि धाकटा दीर गुंडा भावासमोरच म्हणायचा, "दादा हाय तवर वैनी हाय. मागनं ही परदेशीच की!" मेल्याच्या जिभेला हाड नाही.

"विलंब आमचा नाही," सरकारी वकील म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी त्रुटी कळवणारं रजिस्टर पत्र पाठवलं होतं. ते परत आलं. पाकिटावर शेरा आहे, या नावाची व्यक्ती इथे राहत नाही."

ज्ञानदा ताडकन उठल्या. "पोस्टाची चूक. माझ्या अशिलाच्या हाती पत्र आलंच नाही."

प्रियदर्शनीला खरं माहीत होतं. पत्र आलं होतं, नेपाळच्या कागदांवरच्या तिच्या माहेरच्या नावानं, देवकुमारी थापा म्हणून. लग्नात सासूनं, चंद्राबाईनं, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायला लावलं होतं. सासूला स्वतःला ते धड म्हणता यायचं नाही, 'पिरदर्शनी' म्हणायची, पण हुकूम कडक होता. "जुनं नाव तोंडात आणायचं न्हाई. घराला बाधतं." सहा वर्षांपूर्वी नवा पोस्टमन दारात आला आणि त्यानं विचारलं, "देवकुमारी थापा कोण?" सोप्यात सासू बसलेली. हिनं गुणी सुनेसारखी मान खाली घातली आणि म्हणाली, "ह्या नावाचं हितं कोण न्हाई."

"शेरा कुणाच्या सांगण्यावरून लिहिला?" न्यायमूर्तींनी विचारलं. "पोस्टाचं म्हणणं मागवू. चार आठवड्यांनी ठेवा."

चार आठवडे! नुसत्या तारखेला! शेजारी सिद्धूच्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती. ती उठली. ज्ञानदांनी पदर ओढला, तरी ती उभीच राहिली.

"साहेब, पोस्टमनचा दोष न्हाई. मीच सांगितलं तसं." आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सरकारी वकील गालात हसले. ज्ञानदांनी डोळे मिटले. घालवलं मी सगळं, तिच्या मनात आलं.

न्यायमूर्ती फाइल चाळत अर्जापर्यंत आले. मग सरकारी वकिलांकडे वळले. "अर्जावर पतीचं नाव आहे, मोबाईल नंबर आहे. सहा वर्षांत एक फोन केलात?"

"माहिती घेऊन सांगतो."

"नको. सहा आठवड्यांत अर्जावर निर्णय द्या. पुढची मुदत मिळणार नाही."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "आवं, माज्याच तोंडानं घात झाला वो. सहा वर्सं घालवली मी. आनि आता निकालातबी काय लिवत्याल कुनाला ठावं!"

सिद्धू भिंतीला टेकला. बोलायला लागणारा दम गोळा करायला त्याला वेळ लागला.

"सहा आठवडं म्हनलं न्हवं?"

"व्हय."

"मग रडू नगंस. तेवढं न्हाई मरत मी."