कुसुमताईचा शेवटचा सामना, चामोर्शी

डिसेंबरात चंद्रपूरहून शहनाजचा फोन आला. "वीणा, कुसुम खेळ सोडून राहिली. चामोर्शीत आखरी मॅच आहे. तू येतेस, बस्स."

शहनाज माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण. चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ तिच्या भावाचं शिलाईचं दुकान आहे, हिशेब तीच बघते. शाळेत सिस्टर लोकांनी आमच्या हातात हॉकी स्टिक दिली, दहावीनंतर घरच्यांनी ती काढून घेतली. आमच्या निवृत्तीची कुणाला खबरही लागली नाही. म्हणून कुसुम नावाची चामोर्शीकडची शेतकऱ्याची मुलगी रेल्वेकडून खेळायला लागली, पुढे भारताच्या शिबिरात गेली, तेव्हा आम्ही दोघी तिच्यामागे वेड्यासारख्या लागलो. नागपुरात सामना असला की शहनाज पहाटेच्या बसने यायची आणि आम्ही डब्यासकट मैदानावर. कुसुम डाव्या कडेने धावायची. चेंडू स्टिकला चिकटलेला, मान वर, आणि समोरच्या मुलीला वाटावं की ही आता रेषेबाहेर जाणार. ती जायची नाही.

आता दोन्ही गुडघे गेले होते. रेल्वेने तिला कार्यालयात खुर्ची दिली होती.

"सत्कार-बित्कार नको म्हणाली ती," शहनाज फोनवर म्हणाली. "फक्त मॅच ठेवा म्हणाली. तिच्या बाबांनी तिला कधी खेळताना पाहिलंच नाही गं. सगळ्या मॅची नागपूर, नाहीतर दिल्ली, हैदराबाद, भोपाळ. धान सोडून माणूस जाईल कसा?"

मी त्याच दिवशी सुटी टाकली.

या बाजूला यायचं असेल तर थंडीतच या. नागपूरहून चंद्रपूरला एसटी दर थोड्या वेळाने मिळते, तीन-साडेतीन तास लागतात. शहनाजला चंद्रपूरच्या स्टँडवर घेतलं आणि गडचिरोलीची गाडी धरली. मूलपर्यंत रस्ता बरा आहे. मूलच्या स्टँडवरचे आलूबोंडे गरम असतील तरच घ्या, चहा मात्र कधीही. पुढे दोन्हीकडे साग, आणि मध्येच जंगल बाजूला सरून कापलेल्या धानाची खाचरं. वैनगंगेच्या पुलावर बसमधल्या दोन बायांनी नदीत नाणी टाकली. शहनाजनेही टाकलं. "नदी को क्या मालूम किसने डाला," म्हणाली.

गडचिरोलीत लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, दर माफक, गरम पाणी बादलीने आणि सांगितल्यावरच. मॅनेजरने एकच सूचना दिली. "चामोर्शीहून पाचच्या आत निघा जी बाई. मंग गाडीचा भरोसा नाई." इकडे अंधारात कुणी रस्त्यावर राहत नाही. कारण विचारायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत चामोर्शीला पोचलो. आठवडी बाजार नव्हता तरी चौकात माणसंच माणसं. चहाच्या टपरीवर कुसुमताईशिवाय दुसरा विषय नव्हता.

"अजून दोन वर्षं खेलली असती," एक मफलरवाला म्हणाला.

"गुडघे तुह्ये लावते का तिले?"

"आता लगन करन म्हनते."

"कोन म्हनते? तूच म्हनून राह्यला सकाळपासून. तुह्या लग्नानं कोनतं मेडल आनलं ते सांग आधी."

सगळे हसले. टपरीवाल्याने आमचे पैसे घेतले नाहीत. "तुमी ताईची मॅच पाह्याले नागपूरहून आल्या. तुमच्याकडून काय घ्याचं?"

मैदान शाळेच्या मागे होतं. तिथे पोचताच शहनाज थांबली. मांडव मैदानाबाहेर घालायचा, तो त्यांनी आत घातला होता. बांबू थेट एका बाजूच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात रोवलेले, गोलपोस्टच्या जागी स्टेज. चाहता मंडळाचे अध्यक्ष दिलीपभाऊ धावत आले. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मंडळ त्यांनी स्वतःच्या खिशातून उभं केलं होतं आणि तीन रात्री ते झोपले नव्हते. तसं ते दिसतही होते.

"दिलीपभाऊ, खेळणार कुठे?" मी विचारलं.

"अर्ध्यात खेलतीन जी. पाहुने उन्हात बसतीन का? साहेब येऊन राह्यले." साहेब म्हणजे जिल्ह्यातले एक पुढारी. मांडव, माईक, खुर्च्या त्यांच्याकडून आल्या होत्या.

कुसुम ट्रॅकसूटमध्ये आश्रमशाळेच्या मुलींबरोबर उरलेल्या मैदानात पळत होती. नागपूरच्या सामन्यांपासून ती आम्हाला ओळखायची; पाहून आली, वाकली. "बाबा आले," ती म्हणाली आणि बोट दाखवलं. लिंबाखाली धुतलेल्या धोतरातले एक बारीक, उंच म्हातारे बसले होते. मळणी मजुरांवर सोडून आले होते. मुलगी आमच्याकडे आली तसे तेही उठून उभे राहिले, जणू खेळ सुरू झाला.

सामना दोनला होता. दोनला साहेब आले नाहीत. तीनलाही नाही. कुसुम दोनदा दिलीपभाऊंकडे गेली. मी जवळच होते.

"भाऊ, आपन सुरू करू ना. ते येतीन तवा थांबू."

"असं कसं कुसुमताई? साहेबांच्या हातानं पहिला बॉल आहे. पत्रिकेत छापलं ना."

मग मंडळातल्या बायका आल्या. त्यांच्या हातात जरीची हिरवी साडी होती. साहेबांसमोर, गावासमोर, ट्रॅकसूटवर ओटी कशी भरायची? कुसुम नाही म्हणाली. त्या लाडाने हसल्या. एकीने तिच्या गालावरून हात फिरवला. "अवं, पाच मिनिटाचं काम आहे. मंग बदल ना." शाळेच्या वर्गात नेऊन त्यांनी तिला साडी नेसवली, गजरा माळला. बाहेर आली तेव्हा तिची चालच वेगळी होती. बाबांनी तिला पाहिलं आणि पुन्हा बसले.

साहेब साडेचारला आले. पुढचं तुम्ही कुठल्याही गावात पाहिलं असेल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली. पतसंस्थेची शाल, शिक्षक संघटनेची शाल, भजनी मंडळाची शाल. बायकांनी ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. लोक मनापासून टाळ्या वाजवत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. मफलरवाला तर रडत होता. साहेब म्हणाले की आपल्या लेकीनं जिल्ह्याचं नाव काढलं, आता तिनं खेळ पुरे करून संसाराकडे पाहावं. हशा पिकला. बाबांनाही वर बोलावून टोपी-उपरणं दिलं आणि लेकीच्या शेजारी बसवलं. ते मध्येच वाकून तिला काही विचारत होते. ती मान हलवत होती. कुसुमला बोलायला माईक दिला तेव्हा ती म्हणाली, "मले मॅच खेलाची आहे." त्यालाही टाळ्या पडल्या.

पावणेपाचपासूनच बसचा हॉर्न सुरू झाला. गावोगावची माणसं उठू लागली. साहेबांनी साडीतल्या कुसुमच्या हातात एक स्टिक दिली, दुसरीने स्वतः चेंडू टोलवला, फोटो निघाला, आणि गाड्यांचा ताफा गेला. सूर्य सागांच्या मागे उतरला होता. वसतिगृहाच्या बाई आश्रमशाळेच्या मुलींना ओळीत उभं करत होत्या. अंधाराआधी त्यांना पोचायचं होतं.

कुसुम स्टेजच्या कडेला शालींच्या ढिगाशेजारी बसली. दिलीपभाऊ घामाघूम, आनंदाने फुललेले. त्यांना कळेना ही अशी का बसली.

"काऊन ताई? कार्यक्रम त झकास झाला."

"मॅच, भाऊ."

"मॅच त तू रोजच खेलत होतीस," ते अगदी प्रेमाने म्हणाले. "सत्कार एकदाच होते."

शहनाज काहीतरी बोलणार होती, मी तिचा हात धरला. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

बाबा काळीपिवळी जीपची वाट पाहत रस्त्याला उभे होते. नवी टोपी खिशात. आम्ही त्यांच्याजवळ गेलो.

"तुमी पाह्यलं ना तिले खेलताना?" त्यांनी विचारलं. "कशी खेलते? सांगा मले."

मी आयुष्यभर मराठी आणि इंग्रजी शिकवलं आहे. मी सांगायला लागले. डावी कड, मान वर, चेंडू चिकटलेला. शहनाजने उन्हासाठी आणलेली छत्री उलटी धरून रस्त्यावरच दाखवलं, चार पावलं पळाली, थांबली, तिला दम लागला. ते फार लक्ष देऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे पळते चांगली."

"हो."

"ते त मले मालूम आहे. लहानपनी बांधावरून शाळेत पळतच जाये." मग जीप आली. जागा टपावरच होती. कुसुम मागून आली, म्हणाली, रहा ना बाबा, उद्या सकाळी दाखवते. ते म्हणाले मजूर एकच दिवसाचे सांगितले आहेत, धान खळ्यावर पडलं आहे. वर चढले, धोतर सावरलं, आणि जीप गेली.

गडचिरोलीची शेवटची बस निघून गेली होती, म्हणून ती रात्र दिलीपभाऊंच्या घरी. त्यांच्या पत्नीने लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि नव्या तांदळाचा भात वाढला. इतका वास नागपुरात कुठल्याच भाताला येत नाही. आग्रह इतका की रागही धरता येईना. सकाळी मार्कंड्याची जुनी देवळं पाहून आलो. चामोर्शीहून जीपने सहज होतं. वैनगंगेच्या काठी दगडातल्या मूर्ती अजून शाबूत आहेत, पहाटे गर्दी नसते, जरूर जा. आमचं लक्ष नव्हतं. कुसुम रेल्वेच्या कामावर हजर व्हायला सकाळच्या पहिल्या बसने गेली होती. मांडवाचे बांबू काढल्यावर डीमध्ये राहिलेले खड्डे शाळेतली मुलं मातीने बुजवत होती.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, कशी झाली मॅच? मी सांगते, सत्कार छान झाला. ते पुढे विचारत नाहीत. संध्याकाळी डोळे मिटले की मला कुसुम अजून डाव्या कडेने धावताना दिसते, नागपूरच्या मैदानावर, पाठीमागे धूळ. मला ते फुकट मिळालं. ज्याला हवं होतं तो माणूस टपावर बसून गेला.

परवा दिलीपभाऊंचा फोन आला. आवाजात तोच उत्साह. कार्यक्रम इतका गाजला की दरवर्षी करायचं ठरलं आहे. आश्रमशाळेतली एक मुलगी राज्याच्या संघात निवडली गेली आहे, यंदा नववीत. पुढच्या डिसेंबरात तिचा सत्कार.

"सामना ठेवणार ना, भाऊ?" मी विचारलं.

"ठेवू ना जी," ते म्हणाले. "वेळ भेटला त."