वैमानिकाचं घड्याळ, फिटरचं मनगट

जगातला प्रत्येक गोंधळ माणसांनी घड्याळं जुळवली नाहीत म्हणून झाला, असं ठाम मत असलेला एकच माणूस मला भेटला, आणि तोही लखनौत, जिथे कोणी वेळेवर पोचलं तर यजमानच अवघडतो. विकास नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे काका मूळचे नागपूरचे. हवाई दलात त्यांनी सगळी नोकरी विमानातली घड्याळं आणि मीटर दुरुस्त करण्यात काढली. विमान मात्र एकदाही उडवलं नाही. निवृत्तीनंतर नखासच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गंजक्या कुलुपांच्या ढिगात त्यांना वैमानिकाचं जुनं क्रोनोग्राफ घड्याळ दिसलं. काळी तबकडी, तिच्या पोटात तीन चिमुकल्या तबकड्या, कडेला दोन बटणं. विमान उडताना वरचं दाबलं की लांब सुई पळते, उतरल्यावर पुन्हा दाबलं की थांबते. "अशी शेकडो लावून दिली, बांधायला कधी मिळालं नाही," म्हणत त्यांनी ते उघडलं, पुसलं, चालू केलं, आणि त्या दिवसापासून आमच्या कॉलनीत मोजल्यावाचून काही घडेना. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर, निशातगंजहून येणाऱ्या टेम्पोचा उशीर, मलिहाबादच्या बागवानानं दसहरी आंब्याची स्तुती करायला घेतलेला वेळ, सगळं. मंडळाच्या गणपतीत प्रमुख पाहुणे 'दोन शब्द' बोलायला उठले की पहिल्या रांगेतून 'टक्' ऐकू येई आणि शेवटी काका जाहीर करत, "सत्तेचाळीस मिनिटं, बारा सेकंद." या एका समाजसेवेसाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं आहे.

ते घड्याळ पाहून लोकांनी त्यांना परस्पर वैमानिक करून टाकलं होतं. सब्जीवाला भैया 'पायलट साहब' म्हणाला की काका तिथल्या तिथे दुरुस्ती करत, "पायलट नहीं, फिटर." पण ही बढती कानपूरपर्यंत पोचली. तिथल्या एका मराठी घरातल्या मुलानं आणि काकांच्या मुलीनं एकमेकांना पसंत केलं होतं. घरच्यांची बैठक तेवढी बाकी होती. शेजारी म्हणून मीही हजर होतो. मुलाचे वडील बँकेत मोठे अधिकारी. पोह्यांची बशी हातात घेऊन ते म्हणाले, "पायलटची मुलगी घरात येणार म्हणून आमच्या नातेवाइकांत केवढी चर्चा आहे!"

काकूंनी डोळे वटारले. मुलगी कुजबुजली, "पापा, रहने दीजिए ना, प्लीज."

काका उठून उभे राहिले. "मी पायलट नाही. इन्स्ट्रुमेंट फिटर. विमानातली घड्याळं लावायचो."

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. काकू माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू फिटर मीच होतो.

"मग तुमच्या घड्याळांवर उडालेले परत यायचे का?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी लावलेल्या घड्याळावर गेलेला एकूण एक माणूस परत आला."

असल्या सरसकट दाव्यांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. त्या ताठ मानेकडे पाहून या एकावर ठेवला. पाहुण्यांनीही ठेवला असावा, कारण त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढे केलं. "हे रोज चार मिनिटं पुढे पळतं, व्याही. बघा जरा."

काकूंनी मला न विचारता आणखी पोहे वाढले.

लग्नानंतर मुलगी निघाली तेव्हा चारबागच्या फलाटावर गाडी हलताच काकांनी बटण दाबलं. कानपूर दोन तासांवर. दुपारी पोचल्याचा फोन आला. काकू म्हणाल्या, "अहो, पोचली ती. थांबवा आता."

"परत उतरल्यावर थांबवायचं असतं," काका म्हणाले.

ते घड्याळ बाराच तास मोजू शकतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे चावी दिली आणि सुई पळत राहू दिली.